कर्बीची विटेसारखी बोटं

प्रश्न असा आलाय: ‘आमच्या ग्रुपमध्ये जॅक कर्बी, नील अ‍ॅडम्स, टॉड मॅकफार्लेन आणि जिम ली या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सच्या चित्रकारांवरून रोज जुंपते. मला कर्बीची चित्रं सरळ ओबडधोबड वाटतात, बोटं तर विटांसारखी. तरी त्याला किंग का म्हणतात? जुन्या लोकांचा हळवेपणा, दुसरं काय? आणि रॉब लीफेल्डचे अंक लाखांनी खपले, मग त्याला सगळे शिव्या का घालतात? तुम्ही याच धंद्यात आहात, एकदाचा निकाल लावा.’

निकाल लावायला मी पंच नाही. मी इंकर आहे. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या पानावर शाई मारते आणि गेली एकवीस वर्षं त्यावरच घर चालतं. त्यामुळे मी जे सांगेन ते ब्रश हातात धरणाऱ्या बाईचं मत समजून वाचा.

बोटं विटांसारखी आहेत हे खरंच आहे. शाळेत असताना मामाने फोर्टच्या फुटपाथवरून ‘फॅन्टॅस्टिक फोर’चा एक फाटका अंक आणला होता, तेव्हा मीही हेच म्हणाले होते. तोवर माझा सुपरहिरो म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. साय बॅरीने काढलेला, सिनेमातल्या नटासारखा देखणा, पाठीचा स्नायू न्‌ स्नायू जागच्या जागी. आमच्या घरी त्याच्यावरूनही वाजायचं. दादाला विल्सन मकॉयचा जुना वेताळ आवडायचा आणि मला तो भातुकलीतल्या लाकडी बाहुल्यासारखा वाटायचा. या दोघांची नावं आम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हती. जुना वेताळ आणि नवा वेताळ, एवढ्या भांडवलावर आम्ही अख्खी मे महिन्याची सुट्टी भांडून काढायचो.

कर्बी मला कळला तो शाई मारताना. त्याच्या पेन्सिलीच्या पुष्कळ पानांच्या झेरॉक्स प्रती जपल्या गेल्या आणि पुढे छापल्याही गेल्या. शिकणारे इंकर अशी पानं फिक्या निळ्या रंगात जाड कागदावर छापून घेतात आणि त्यावर सराव करतात. मी मारामारीचं एक पान घेतलं होतं. एक पंजा थेट वाचणाऱ्याच्या नाकावर येतोय, बोटांची टोकं चौकोनी, पेरं जवळजवळ नाहीतच. मला वाटलं, आपण अ‍ॅनाटॉमी शिकलोय, जरा सुधारून घेऊ. बोटं गोल केली, नखं काढली, पेरांवर बारीक सुरकुत्या टाकल्या. हात छान झाला. फक्त तो यायचा थांबला. रिक्षा थांबवायला माणूस हात पुढे करतो, तसा तो तिथेच उभा राहिला.

मग तेच पान पुन्हा छापून घेतलं आणि जसंच्या तसं जाड ब्रशने केलं. पंजा परत अंगावर आला. तेव्हा डोक्यात उजेड पडला: चौकोनी टोकामुळे बोटाला समोरची, वरची आणि कडेची अशा तीनच बाजू राहतात. बाजू कमी असल्या की आकार कुठल्या दिशेने सुटलाय ते नजरेला चटकन कळतं. गोल बोट नजरेला आपल्याभोवती फिरवत बसवतं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गल्ल्यांत पोरांशी हाणामाऱ्या करत वाढलेल्या या माणसाला ठोसा कसा येतो ते पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्याच्या मारामारीच्या चौकटी नीट बघा. मूठ लागते तो क्षण तो सहसा काढत नाही. मूठ फिरून पार गेलेली असते आणि मार खाणारा चौकटीबाहेर निघालेला असतो, पाय सगळ्यांत पुढे. लागलं कधी ते तुमच्या डोक्यात घडतं.

आता तुमच्या ग्रुपला एक प्रश्न. कर्बी ओबडधोबड म्हणता, तो कोणाचा कर्बी? कारण छापलेलं पान एकट्याचं नसतं. पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचे, संवादांच्या फुग्यांतली अक्षरं चौथ्याची. साठच्या दशकात ‘थॉर’वर कर्बीच्या पेन्सिलीला शाई बहुतेक वेळा विन्स कोलेटाची असायची. बारीक निबेच्या ओरखड्यांसारख्या रेषा. वेळ वाचवायला तो मागची माणसं, इमारतींच्या खिडक्या, कधी अख्ख्या आकृती खोडून टाकायचा. इंकर लोक त्याचं नाव काढलं की कपाळाला हात लावतात. मी थोडी त्याच्या बाजूने बोलते. अंक छापखान्यात जायची वेळ टळलेली असली की संपादक त्यालाच बोलवायचे, आणि एका रात्रीत गठ्ठा संपवणाऱ्याकडून खिडक्या मोजून घेता येत नाहीत. शिवाय ‘थॉर’च्या त्या जुन्या देवलोकाला ती जुन्या खोदचित्रांसारखी रेष शोभूनही दिसते. पण खोडलेली माणसं ती खोडलेलीच.

‘फॅन्टॅस्टिक फोर’ला १९६५मध्ये ४४व्या अंकापासून जो सिनॉट कायमचा आला. त्याची रेष घोटीव, यंत्रं चकचकीत, आणि अवकाशातल्या ऊर्जेचे ते काळे ठिपक्यांचे लोट, ज्यांना चाहते ‘कर्बी क्रॅकल’ म्हणतात, त्याच्या ब्रशखाली एकदम स्वच्छ उमटले. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो ते १९६६चे ४८ ते ५० हे अंक सिनॉटच्या शाईतले. पुढे कर्बी १९७०मध्ये मार्व्हल सोडून डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला. तिथेही सुरुवातीला कोलेटाच होता, नंतर माइक रॉयर आला आणि त्याने पेन्सिल जशी होती तशीच शाईत उतरवली, ना घोटली ना खोडली. तीन इंकर, तीन कर्बी. सिनॉटचा कर्बी आवडणारा आणि रॉयरचा कर्बी नावडणारा एकच वाचक मी पाहिलाय, आणि तो स्वतःला कर्बीभक्त म्हणवतो.

जिम लीच्या बाबतीतही हेच. तुम्हाला त्याच्या ज्या बारीक, पात्यासारख्या आडव्या-उभ्या रेषांचं वेड आहे, त्यांतल्या बऱ्याच स्कॉट विल्यम्सच्या हातच्या आहेत. लीची पेन्सिल भक्कम असते, वाद नाही. पण मांडीवरची छाया जाडपासून केसाएवढ्या टोकापर्यंत एका झटक्यात नेणं हे मनगटाचं काम असतं. सेबलच्या ब्रशला टोक नीट नसेल तर रेष शेवटी फाटते. मी अजून आठवड्यातून दोनदा तरी फाडते.

आणि कागद! हा मुद्दा चाहत्यांच्या भांडणात कधीच येत नाही. कर्बीची पानं छापली जायची ती रद्दीच्या लायकीच्या न्यूजप्रिंटवर. शाई पसरायची, बारीक रेष बुजायची, रंग ठिपक्याठिपक्यांनी बसायचे. १९६७च्या सुमारापर्यंत मूळ चित्रही छापील पानाच्या जवळपास दुप्पट मापाच्या बोर्डावर काढलं जायचं, आणि लहान होऊन छापताना जे टिकेल तेच खरं. कर्बीने जाड आकार निवडले, कारण तेच पलीकडे पोचणार होते. आज तीच पानं गुळगुळीत पांढऱ्या कागदावर भडक सपाट रंगांत छापतात आणि मग तुम्ही म्हणता, हे भडक दिसतं. भडकच दिसणार. नव्वदच्या दशकात कागद सुधारला, रंग कॉम्प्युटरवर गेले, तेव्हा बारीक रेषेला जगायची सोय झाली. तोच जिम ली १९६३च्या कागदावर छापला असता तर निम्म्या रेषांचा काळा डाग झाला असता.

बरं, एवढं सगळं बाजूला ठेवून कोण चांगला ते कसं ठरवायचं? मी एकच गोष्ट करते. फुगे झाकते. पोस्ट-इटच्या पिवळ्या चिठ्ठ्या कापून प्रत्येक फुग्यावर लावते आणि पान वाचते. कोण कुठे उभं आहे, कोण कोणाला काय करतंय, कोणाला भीती वाटतेय, आता पुढे कुठल्या चौकटीत जायचं, हे न वाचता कळलं तर चित्रकार मोठा. सुपरहिरो कॉमिकला ही परीक्षा जास्तच लागू पडते, कारण मार्व्हलमध्ये कामाची रीतच तशी होती. तिथला लेखक-संपादक स्टॅन ली गोष्टीचा थोडक्यात आराखडा द्यायचा, कधी नुसता तोंडी. वीस पानांत ती कशी मांडायची ते चित्रकार ठरवायचा, आणि संवाद चित्रं आल्यावर लिहिले जायचे. गॅलॅक्टसच्या गोष्टीत सिल्व्हर सर्फर आराखड्यात नव्हताच. कर्बीने काढून आणला. एवढ्या मोठ्या देवाला कोणीतरी पुढे पाठवायला दूत हवा, म्हणून.

फुगे झाकून वाचायचं तर स्टीव्ह डिटकोपासून सुरू करा. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ३३, सन १९६६. स्पायडर-मॅन प्रचंड यंत्राखाली अडकलाय, छतातून पाणी गळतंय, आणि मे काकूला वाचवणारं औषध समोर जमिनीवर पडलंय, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. पुढची काही पानं नुसती हीच गोष्ट. माणूस उठायचा प्रयत्न करतो, खचतो, पुन्हा करतो. सुरुवातीला चौकटी लहान, त्याला दाबून धरणाऱ्या. जसजसा तो उठतो तसतशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि शेवटी पूर्ण पानभर एकच चित्र, यंत्र खांद्यावरून वर फेकलेलं. देखणेपणाच्या मापाने डिटको नापास होईल. त्याची माणसं हडकुळी, चेहरे शेजारच्या हिशेबनिसासारखे. पण या पानांवरचे फुगे मी झाकले तेव्हा मला एकही शब्द कमी पडला नाही. स्टॅन लीच्या शब्दांची माफी मागून सांगते, थोडे जास्तच झालेत.

डिटको १९६६मध्ये सोडून गेला आणि ३९व्या अंकापासून जॉन रोमिता आला. प्रेमकथांची कॉमिक्स काढून आलेला माणूस. सुरुवातीला त्याने डिटकोची नक्कल करायचा प्रामाणिक प्रयत्न केला. जमली नाही, आणि हळूहळू पीटर पार्करचे खांदे रुंदावले, आजूबाजूच्या मुली सुंदर झाल्या. ४२व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत, पुढे पीटरची प्रेयसी होणारी मेरी जेन दारात उभी राहते, तेव्हा तिचा चेहरा वाचकांना पहिल्यांदा दिसतो. अंक आधीपेक्षा जास्त खपायला लागला. डिटको की रोमिता हे भांडण अमेरिकेत तेव्हापासून चालू आहे, आणि मला ते आवडतं, कारण दोन्ही बाजूंना खरंच म्हणणं आहे. एकाकडे एकटेपणा आहे, दुसऱ्याकडे मोह. मी डिटकोच्या बाजूची. पण कॉलेजच्या कॅन्टीनची चौकट काढायची असेल तर मी रोमिताच उघडते.

याच रोमिताचा एक किस्सा तुमच्या ‘ओबडधोबड’साठी राखून ठेवला होता. तो मार्व्हलमध्ये परत आला तेव्हा त्याला आधी ‘डेअरडेव्हिल’ दिलं. त्याने काढलेलं पहिलं पान स्टॅन लीला मिळमिळीत वाटलं. चित्र उत्तम, पण पानात दम नाही. मग १२ आणि १३ या अंकांची कच्ची मांडणी कर्बीकडून करून घेतली. कुठली चौकट केवढी, कोण पुढे, कोण मागे, एवढंच. रोमिताने त्यावर आपली सुबक माणसं चढवली. म्हणजे कर्बीपेक्षा कितीतरी सुबक काढणाऱ्या माणसाला कर्बीची शिकवणी लावली. ‘किंग’ ही पदवी स्टॅन लीच्या बडबडीतली असेल, पण अशा गोष्टींमुळे ती टिकली. दुसरी बाजूही सांगते. कर्बी डीसीत गेल्यावर त्याने ‘जिमी ओल्सन’मध्ये काढलेले सुपरमॅनचे चेहरे कंपनीने दुसऱ्यांकडून पुन्हा काढून घेतले. सुपरमॅन सुपरमॅनसारखा दिसायला हवा म्हणे. तुमच्यासारखी तक्रार पगारी माणसांनीही केलेली आहे, तेव्हा मन खाऊ देऊ नका.

मीही एकदा पेन्सिलिंग करून पाहिलं. नमुन्याची सहा पानं घेऊन एका संपादकाकडे गेले. प्रत्येक चौकटीत हिरो दणदणीत उभा, केप उडतेय. त्याने पान उलटं धरलं, लांबून पाहिलं, परत सुलटं केलं आणि म्हणाला, ‘ताई, हे पान नाही, चार पोस्टर चिकटवलीत. हा जिन्यावरून खाली कधी उतरला?’ जिना मी काढलाच नव्हता. त्या दिवसापासून मी शाईकडे वळले ती कायमची.

नील अ‍ॅडम्सला मी यात कुठे ठेवते? चेहऱ्यांत सगळ्यांच्या वर. तो जाहिरातीच्या चित्रांतून आला होता. साठीच्या शेवटी आणि सत्तरीच्या सुरुवातीला त्याने ‘एक्स-मेन’ आणि ‘बॅटमॅन’ काढले, तेव्हा सुपरहिरोला पहिल्यांदा कपाळावरची शीर, ओठांचा कोपरा, भुवईखालचा अंधार मिळाला. त्याच्या पेन्सिलीवर टॉम पामरची शाई हा माझ्यासारख्यांचा अभ्यासक्रमच आहे. पण तिरक्या, फुटलेल्या काचेसारख्या चौकटींत तो कधीकधी वाचणाऱ्याला रस्ता चुकवतो. फुगे झाकले की ते कळतं, कारण बऱ्याचदा फुगेच बोट धरून पुढे नेत असतात.

मॅकफार्लेनबद्दल थोडक्यात. १९८८मध्ये त्याने स्पायडर-मॅनला पुन्हा कोळ्यासारखं वाकवलं, जाळ्याचे धागे दोरखंडासारखे पिळले, डोळे मोठे केले. त्या वाकड्यातिकड्या पवित्र्यांच्या मागे डिटको उभा आहे. सजावटीचा सोस फार, पण मुलांना हात शिवशिवायला लावणारा सोस आहे तो. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्यामुळे चित्रकार झाली.

जिम ली. १९९१चा ‘एक्स-मेन’ अंक १, जवळपास ८१ लाख प्रती, गिनीज बुकात नोंद. पाच वेगवेगळी मुखपृष्ठं, त्यांतली चार शेजारीशेजारी ठेवली की एक लांब चित्र होतं. ते चित्र आजही सुंदर आहे आणि मी ते हेव्याने बघते. इतक्या पात्रांना एकमेकांच्या वाटेत न येता धावायला लावणं सोपं नाही. पण मुखपृष्ठ हाच त्याचा स्वभाव आहे. आत दोन माणसं चहाच्या टेबलावर बसून बोलतात तेव्हाही ती मुखपृष्ठावर असल्यासारखी छाती काढून बसतात. फुगे झाकले की कोण चिडलंय आणि कोण दमलंय हे कळत नाही, सगळ्यांचे दात सारखेच आवळलेले. ‘बॅटमॅन: हश’मध्ये हे बरंच निवळलंय, तेव्हा ग्रुपमध्ये त्याचा खटला लढवायचा तर तिथून लढवा.

आणि लीफेल्ड. पाय काढता येत नाहीत, कमरेला नको तेवढे पाऊच, हातातली बंदूक माणसापेक्षा मोठी, हे सगळं ऐकून झालंय. मला त्याचा कंटाळा येतो. पाय तर धुरात लपवणारे नामवंत कितीतरी आहेत. लीफेल्डचं दुखणं पायांखाली आहे: जमीन नाही. त्याची माणसं कुठेच उभी नसतात. खोली केवढी, दार कुठे, शत्रू डावीकडून आला तर पुढच्या चौकटीत उजवीकडे कसा, याला उत्तर नाही. खपाचं म्हणाल तर १९९१च्या ‘एक्स-फोर्स’ अंक १च्या प्रतीसोबत पाच वेगवेगळ्या कार्डांपैकी एक यायचं, प्रत प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, आणि पुढे भाव येईल म्हणून लोकांनी एकेका अंकाच्या पाच-पाच प्रती घेतल्या. त्यातून त्याची चित्रं चांगली ठरत नाहीत, वाईटही ठरत नाहीत. मात्र डेडपूल त्याच्या पेन्सिलीतून आला हे विसरू नका. पोराटकी असली तरी ऊर्जा खरी होती. १९९२मध्ये इमेज कॉमिक्स काढणाऱ्या सात जणांत तो, मॅकफार्लेन आणि ली तिघेही होते, आणि पात्रांची मालकी चित्रकाराकडे राहावी म्हणून त्यांनी मार्व्हलचं चालतं काम सोडलं. कर्बीला स्वतःची मूळ पानं परत मिळवायला ऐंशीच्या दशकात किती झगडावं लागलं ते आठवलं की त्यांचा हट्ट मला पटतो.

माझा आवडता कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते: डेव्हिड मॅझुकेली. त्याचं सुरुवातीचं ‘डेअरडेव्हिल’ आणि १९८७चं ‘बॅटमॅन: इयर वन’ शेजारी ठेवा. मधल्या दोन-तीन वर्षांत त्याने रेषा काढून टाकल्यात. पोलीस गॉर्डन पलंगाच्या कडेला पिस्तूल घेऊन बसलाय, मागे बायको झोपलीय. थोडा काळा रंग, पाठीचा बाक, बस. शाईही त्याची स्वतःचीच, म्हणजे माझ्यासारखीला तिथे काम नाही, आणि तरीही मी त्या चौकटीकडे पुन्हापुन्हा जाते.

जाता जाता, तुमच्या यादीत एकही नाव आपल्याकडचं नाही. प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेसाठी काढलेलं आणि राज कॉमिक्सच्या नागराजची सुरुवातीची वर्षं शेजारी ठेवून एकदा भांडा. फुगे झाकून.

लीफेल्डच्या पानावर शाई मारायची वेळ आली तर मारीन का, असं मला आमच्या क्लासमधल्या एका मुलाने विचारलं होतं. मारीन की. आधी पेन्सिलीने जमीन काढून घेईन, आणि जमिनीचे पैसे वेगळे लावीन.